यमाच्या वहीत निषादी नाही

माझी आजी अडाणी. एक अक्षर येत नाही. पण 'भारत' तिला तोंडपाठ. तिच्या तरुणपणी गावात श्रावण लागला की देवळात 'पांडवप्रताप' लागायचा. आमची माणसं बाहेर, चपला काढतात तिथं बसून ऐकायची. आत बसायची सोय नव्हती. ऐकायला मात्र कुणी अडवत नव्हतं. पोथीच्या आवाजाला विटाळ होत नसावा.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं १९८८ चं जुनं 'महाभारत' पुन्हा लावलं. मी सूतगिरणीत बदली म्हणून नुकताच लागलो होतो. गिरणी बंद, बदलीवाल्याला पगार बंद. मग काय, टीव्हीसमोर बसायचं. लाक्षागृहाचा प्रसंग लागला त्या दिवशी आजी म्हणाली, "पांडव तर भुयारातनं सुटले. मग सकाळी राखंत मढी घावली ती कुणाची रं?"

मी म्हणालो, "असतील कुणाची तरी."

"कुणाची तरी म्हंजे आपलीच," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

त्याच दिवसांत, ८ मे २०२० ला पहाटे, तेव्हाच्या औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या गावांकडे ते पायी निघाले होते. रुळांवर त्यांच्या रोट्या पसरल्या होत्या. लोक आधी हळहळले. मग विचारायला लागले, रुळावर झोपायचं कशाला?

हा प्रश्न ऐकला आणि मला आजीचा प्रश्न आठवला. गिरणी सुरू झाल्यावर मी वाचनालयातून आदिपर्वाचं भाषांतर आणलं. तिसऱ्या पाळीहून आलो की दोन तास वाचायचो. डोळे मिटायचे, पुस्तक अंगावर पडायचं. पण आजीला उत्तर द्यायचं होतं.

उत्तर आदिपर्वात लिहून ठेवलंय. कुणी लपवलेलं नाही. म्हणून तर ते जास्त भयंकर आहे.

*

दुर्योधनाच्या सांगण्यावरून पुरोचनानं वारणावतात लाखेचं घर बांधलं. विदुरानं पांडवांना आधीच सावध केलं. भुयार खणणारा एक माणूस गुपचूप पाठवला. पांडव त्या घरात वर्षभर राहिले. मग निघायची वेळ आली तेव्हा युधिष्ठिर भावांना म्हणतो, की शस्त्रागाराला आग लावू, पुरोचनाला जाळू, सहा जीव इथं ठेवू आणि कुणाच्या नकळत निघून जाऊ.

सहा जीव इथं ठेवू. दोस्तहो, हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. कुंती आणि पाच पांडव म्हणजे सहा. सहा मढी सापडली नाहीत तर दुर्योधन शोध घेणार. म्हणजे सहा माणसं लागणार हे आधी ठरलं होतं. बोलणारा कोण? धर्मराज.

त्या रात्री कुंतीनं ब्राह्मणांना जेवण घातलं, दान दिलं. बायकाही आल्या, खाऊन पिऊन घरोघर गेल्या. एक निषादी आली. निषाद म्हणजे रानात, नदीकाठी राहणारी, वर्णाच्या चौकटीबाहेरची जमात. बाईबरोबर तिचे पाच मुलगे होते. अन्नाच्या आशेनं आली. कवी म्हणतो, काळानंच तिला तिथं ढकललं. मायलेकरं जेवली, दारू प्याली, आणि मेल्यासारखी तिथंच झोपली. वारा सुटला होता. गाव निजलं होतं. भीमानं आग लावली आणि सगळे भुयारात उतरले.

सकाळी लोकांनी राख उपसली. पुरोचन सापडला. एक बाई आणि पाच पोरं सापडली. कुंती आणि पांडव जळाले म्हणून लोक रडले. भुयार खणणाराही त्या गर्दीत होता. त्यानं राख सारता सारता भुयाराचं तोंड बुजवून टाकलं. हस्तिनापुरात धृतराष्ट्रानं सुतक पाळलं, तिलांजली दिली. म्हणजे निषादीला अंत्यविधी मिळाला, पण कुंतीच्या नावानं. तिच्या स्वतःच्या नावानं काही नाही. कारण कवीनं तिला नावच दिलेलं नाही.

कुणी म्हणेल, हा भाग मागाहून कुणी घुसडला असेल. आपल्याला नको ते प्रक्षिप्त म्हणायची सोय असते. पण पुण्याच्या भांडारकर संस्थेनं १९१९ साली महाभारताची चिकित्सित आवृत्ती करायला घेतली आणि १९६६ मध्ये पुरी केली. हजाराच्यावर हस्तलिखितं ताडून पाहिली. शंका आली ते ते मजकुरातून बाजूला काढलं. निषादी तिथून हलली नाही. पाच पोरं घेऊन ती मूळ मजकुरात झोपलेली आहे.

*

आता पाप आणि शिक्षेकडे येऊ. कारण महाभारत हे पापपुण्याच्या हिशेबाचंच काव्य आहे. त्यात फुकट काही जात नाही. एक शाप दिला की दोन पिढ्या फेडत बसतात. आणि सगळ्यात शेवटी, महाप्रस्थानिक आणि स्वर्गारोहण पर्वात, हिशेबाची वही उघडली जाते.

पांडव हिमालयाकडे निघतात. एकेक जण पडायला लागतो. भीम विचारतो, ही का पडली, हा का पडला? युधिष्ठिर कारण सांगतो. द्रौपदी पडली, तिचा अर्जुनाकडे जास्त ओढा होता. सहदेवाला बुद्धीचा गर्व. नकुलाला रूपाचा गर्व. अर्जुनानं एका दिवसात सगळे शत्रू मारीन अशी बढाई मारली होती. शेवटी भीम पडतो आणि विचारतो, मी का पडलो? युधिष्ठिर सांगतो, तू दुसऱ्याचा विचार न करता फार खाल्लंस आणि ताकदीची फुशारकी मारलीस.

इथं मी पुस्तक मिटून ठेवलं.

भुकेली बाई अन्नासाठी आली. तिला भीमानं जाळलं. आणि त्याच भीमाच्या नावावर पाप लागलं ते जास्त जेवल्याचं! दुसऱ्याची भूक पाहिली नाही असं म्हणतात, पण ती दुसरी भूक कुणाची हे कुणाला आठवत नाही.

युधिष्ठिराला शेवटी क्षणभर नरक पाहावा लागला. का? द्रोणाला त्याच्या मुलाच्या मरणाबद्दल फसवलं म्हणून. तो एक अर्धसत्य बोलला तेव्हा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला होता. म्हणजे द्रोणाशी बोललेलं खोटं वहीत आहे. पण 'सहा जीव इथं ठेवू' हे वाक्य बोलताना रथ चार बोटं वरच होता. त्याला कसलाही धक्का बसला नाही.

कुंतीचं काय झालं? ती पुढं धृतराष्ट्र-गांधारीबरोबर वनात वणव्यात जळून मेली. वाटलं, इथं तरी कवीला आठवेल. नाही. नारद येऊन सांगतो, ती साधी आग नव्हती, धृतराष्ट्राच्या स्वतःच्या होमाचा पवित्र अग्नी होता, सद्गती मिळाली. त्या दोन आगींमधली दोरी जोडायला विसावं शतक लागलं. बंगालीत महाश्वेता देवींनी 'कुंती ओ निषादी' ही कथा लिहिली. तीत जंगलातली एक निषाद बाई म्हाताऱ्या कुंतीला त्या रात्रीचा जाब विचारते. मूळ काव्यात तो जाब कुणीही विचारत नाही. मी शेवटपर्यंत शोधलं. मला सापडला नाही.

*

कुणी म्हणेल, अरे, लढाईचं काव्य, हजारो मेले, कुणाकुणाची नोंद ठेवणार?

मग अणीमांडव्याची गोष्ट ऐका. तीही आदिपर्वातच आहे. मांडव्य नावाचा ब्राह्मण ऋषी. चोरीचा आळ आला आणि राजानं त्याला सुळावर चढवलं. तो सुळावर मेला नाही. पुढं त्यानं यमधर्माला गाठून विचारलं, मी असं काय पाप केलं? धर्म म्हणाला, लहानपणी तू किड्यांच्या शेपटीत गवताची काडी खुपसली होतीस.

पाहा, यमाची वही किती बारीक आहे! पोरानं खेळता खेळता टोचलेला किडा त्या वहीत आहे. स्वर्गाच्या दारात युधिष्ठिर ज्याला सोडायला तयार होत नाही ते कुत्रंही आहे. शरण आलेल्याला टाकणं किती मोठं पाप आहे यावर तो इंद्राला तिथं प्रवचन देतो. किडा आहे. कुत्रा आहे. निषादी नाही.

आता गोष्टीचा पुढचा भाग. मांडव्य चिडला. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? त्यानं धर्मालाच शाप दिला, तू शूद्राच्या पोटी जन्म घेशील. तसा धर्म दासीच्या पोटी जन्मला. तोच विदुर. सगळ्यात शहाणा, सगळ्यात न्यायी, पण राज्याचा अधिकार नाही. उद्योगपर्वात तर विदुर स्वतः म्हणतो, मी शूद्रेच्या पोटचा, याच्या पुढचं ज्ञान मी बोलू शकत नाही, आणि सनत्सुजाताला बोलावतो. पांडवांना लाक्षागृहातून वाचवणारा माणूस हाच.

वनपर्वात एक धर्मव्याध आहे. मिथिलेत मांस विकणारा. कौशिक नावाच्या ब्राह्मणाला तो धर्म शिकवतो. आमच्यातल्याही काहींना ही गोष्ट आवडते. बघा, म्हणतात, खाटकाकडून ब्राह्मण शिकला. पण शेवटपर्यंत वाचा. व्याध सांगतो की तो मागच्या जन्मी ब्राह्मण होता, चुकून एका ऋषीला बाण लागला, शापानं शूद्र झाला.

दोन्ही गोष्टींचा साचा एक आहे. खालच्या घरात शहाणा माणूस निघाला की कवी घाबरतो. घाईघाईनं सांगतो, हा मूळचा वरचाच, इथं फक्त शिक्षा भोगतोय. म्हणजे त्यांच्यातल्या कुणी पाप केलं की त्याला आमच्या आईच्या पोटी पाठवायचं. आमचा जन्म हा त्यांचा तुरुंग. मग जो त्या तुरुंगातच जन्मतो आणि तिथंच मरतो, त्याची फिर्याद कोण लिहून घेणार? त्याला एवढंच सांगायचं, की तूही काहीतरी केलं असशील.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नेमकं हेच पकडलं. ग्रंथ १९५७ साली त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर आला. मागच्या जन्माच्या कर्मामुळे माणूस आज गरीब आहे असं म्हटलं, की समाज आणि सरकार दोघंही जबाबदारीतून मोकळे होतात, असं ते म्हणतात. बुद्धानं असं शिकवणं शक्य नाही, असा त्यांचा दावा आहे. मी हे वाचलं तेव्हा मला धर्मव्याधाची गोष्ट कळली.

*

निषादीला मारणं पाप नाही, ही वहीची एक बाजू. दुसऱ्या बाजूला शंबूक आहे.

रामायणाचं उत्तरकांड मागाहून जोडलं असं विद्वान मानतात. जोडलं असेल. पण कुणाला तरी ते जोडावंसं वाटलं, आणि शेकडो वर्षं लोकांनी ते भक्तिभावानं ऐकलं. ब्राह्मणाचा मुलगा अकाली मेला. नारद सांगतो, राज्यात कुठं तरी शूद्र तप करतोय. राम विमानातून शोधायला निघतो. दक्षिणेला एका सरोवराकाठी खाली डोकं करून तप करणारा माणूस सापडतो. राम जात विचारतो. तो खरं सांगतो, मी शूद्र, नाव शंबूक. खरं सांगून पुरतं होत नाही तोच मुंडकं उडतं. देव फुलं उधळतात. ब्राह्मणाचा मुलगा उठून बसतो.

पुढं विदर्भातल्या पद्मपूरच्या भवभूतीला हे जड गेलेलं दिसतं. आठव्या शतकातल्या त्याच्या 'उत्तररामचरित' नाटकात राम स्वतःच्या उजव्या हाताला दोष देत वार करतो, आणि मेलेला शंबूक दिव्य पुरुष होऊन रामाचे आभार मानतो. कवीला टोचणी लागली. पण टोचणीचा इलाज काय केला, तर मेलेल्याच्या तोंडून आभार!

पुष्कळ सुधारक म्हणतात, रामाचं एवढं एक चुकलं, बाकी तो चांगला. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन'मध्ये याला वेगळंच उत्तर दिलं. रामाला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही, असं ते म्हणतात. चातुर्वर्ण्य टिकवायचं तर त्यामागे दंड पाहिजे, आणि तोही मरणाचा, कारण माणसं आपणहून आपापल्या खणात बसत नाहीत. शंबूकाला साधी शिक्षा का झाली नाही याचं कारण हे आहे. म्हणजे तो रामाच्या स्वभावाचा दोष नव्हता. ती व्यवस्थेची गरज होती.

मला वाटतं, महाकाव्यातलं पाप वाचायची ही किल्ली आहे. नायक चांगला की वाईट यावर भांडत बसू नये. ज्या वहीत त्याचा हिशेब लिहिलाय ती वही कुणाची आहे ते पाहावं. त्या वहीत शिकणं हे आमचं पाप, जन्म ही आमची शिक्षा, आणि आमचं मरण कुणाच्याच खात्यावर नाही.

*

हे सगळं मी आमच्या युनियनमधल्या एका कॉम्रेडला सांगितलं. तो म्हणाला, "तू फक्त आपल्याच पोथ्यांच्या मागं लागतोस. जगातली सगळी जुनी काव्यं मालकांचीच आहेत. तिकडचं वाच जरा."

बोलणं बरोबर होतं. फुटपाथवरून इंग्रजी पुस्तकं आणली आणि डिक्शनरी शेजारी घेऊन वाचली. चार-पाच महिने गेले.

होमरच्या 'ओडिसी'त ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो, बायकोच्या मागं लागलेल्या सरदारांना ठार करतो. घरात पन्नास दासी आहेत. त्यातल्या बारा त्या सरदारांबरोबर झोपल्या होत्या. विकत घेतलेल्या दासीला 'नाही' म्हणायची किती सोय असते हे कवी विचारत नाही. आधी त्या बाराजणींकडून प्रेतं उचलून घेतात, रक्त पुसून घेतात. मग ओडिसियसचा मुलगा जहाजाच्या दोरानं त्यांना ओळीनं फाशी देतो. जाळ्यात अडकलेल्या पाखरांसारख्या त्या लटकतात. थोडा वेळ पाय हलतात, मग थांबतात. आणि याच काव्याच्या सुरुवातीला मोठा देव सांगतो, की माणसं देवांना दोष देतात पण आपल्याच मूर्खपणानं जास्त भोगतात.

रोमचा कवी व्हर्जिल. इसवी सनापूर्वी ७३ ते ७१ या काळात स्पार्टाकसच्या मागं हजारो गुलाम उठले. शेवटी सहा हजार गुलामांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेनं क्रुसावर ठोकलं. पुढच्याच वर्षी, इ.स.पू. ७० मध्ये, व्हर्जिल जन्मला. त्याच्या 'एनीड'च्या सहाव्या सर्गात नरकाचं वर्णन आहे. भावाचा द्वेष करणारे तिथं आहेत. बापावर हात टाकणारे आहेत. सापडलेल्या धनावर एकटेच बसून राहिलेले आहेत, आणि त्यांची गर्दी सगळ्यात मोठी. हे वाचून मला बरं वाटलं. पण त्याच यादीत आणखी एक नोंद आहे, धन्याशी बेइमानी करणाऱ्यांची. त्या सहा हजारांना क्रुसावर टांगणाऱ्यांचं नाव मात्र त्या यादीत मला दिसलं नाही.

मग दांते. फ्लोरेन्सचा. १३०२ मध्ये त्याच्या शहरानं त्याला हद्दपार केलं, परत आला तर जिवंत जाळू म्हणून सांगितलं. तो लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत लिहायला बसला आणि १३२१ मध्ये मरेपर्यंत लिहीत राहिला. त्याच्या नरकात व्याजबट्टेवाले सावकार गळ्यात थैल्या अडकवून तापल्या वाळूत बसलेत. धर्माची पदं विकणारा पोप खडकाच्या भोकात उलटा रोवलेला, तळपायांना आग लागलेली. तो पुढच्या पोपची वाट पाहतोय. हे वाचलं आणि मी रिकाम्या खोलीत मोठ्यांदा हसलो. आमच्याकडच्या कुठल्या महाकाव्यानं धर्मपीठावरच्या माणसाला त्याचं नाव घेऊन असं नरकात उलटं टांगलंय?

पण दांतेचीही हद्द आहे. बाप्तिस्मा झाला नाही म्हणून त्याचा गुरू व्हर्जिल नरकाच्या दाराशी अडकलेला आहे. आणि स्वर्गात गेल्यावर दांतेच्या मनातला प्रश्न बाहेर येतो, की सिंधू नदीच्या काठी एक माणूस जन्मला, तिथं ख्रिस्ताचं नाव कुणी सांगितलं नाही, त्याची सगळी कृत्यं चांगली, मग त्याला शिक्षा कुठल्या न्यायानं? सिंधूच्या काठी! सातशे वर्षांपूर्वी इटलीतला हद्दपार माणूस आपल्याकडच्या माणसाचा न्याय विचारत होता. उत्तर काय मिळतं? तू कोण न्याय करणारा, तुझी नजर केवढी! उत्तर पोथीचंच आहे. पण प्रश्न लिहिला गेला, आणि तो आजही तिथं उभा आहे.

तेव्हा कॉम्रेड बरोबर होता. मालकाची वही सगळीकडे असते. बारा दासी आणि सहा निषाद एकाच रांगेत आहेत. पण एक फरक मी त्याला सांगितला. होमर त्या दासींना सांगत नाही की मागच्या जन्मी पाप केलंत म्हणून दासी झालात. व्हर्जिलकडे आत्मे पुन्हा जन्म घेतात, पण गुलामी ही मागच्या पापाची सजा असं तो म्हणत नाही. तिकडे गुलामाला साखळी बाहेरून घातली. इकडे ती जन्माच्या आत घातली, आणि वर सांगितलं की ती तूच घडवलीस.

महाभारतात एकच आवाज आहे असंही मी म्हणणार नाही. अजगर झालेल्या नहुषाला युधिष्ठिर सांगतो, की ब्राह्मणपण जन्मानं नव्हे, वागण्यानं ठरतं. चांगलं वाक्य आहे. पण हे बोलणारा माणूस वारणावताहून आलेला आहे, एवढं आपण ध्यानात ठेवायचं.

*

आता आपल्याकडे येतो. हा भाग लिहायला जड जातोय.

आपण एकलव्य घेतला, शंबूक घेतला, कर्ण घेतला. मी वाचलेल्या आपल्या कवितांत एकलव्याचा अंगठा शेकड्यांनी आहे. माझ्याही चार कविता आहेत. निषादी मला क्वचित दिसली. का? एकलव्याला नाव आहे, धनुष्य आहे, तो निषादांच्या राजाचा मुलगा आहे. निषादी बाई आहे, भुकेली आहे, आणि दारू पिऊन झोपलेली आहे. तिचा झेंडा करता येत नाही. म्हणजे आपल्याही वहीत तिची नोंद नाही.

आमच्या गिरणीत कार्डिंग खात्यात ठेकेदाराची एक बाई झाडू मारायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. मीही. तिचं नाव मला माहीत नव्हतं. मशीन चालू असतानाच खाली उडालेला कापूस ओढायला लावायचे, कारण मशीन थांबलं की उत्पादन थांबतं. एका रात्री तिचा हात पट्ट्यात गेला. उजव्या हाताची तीन बोटं गेली. मी दहा फुटांवर होतो.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. मस्टरवर तिचं नाव नव्हतं. अपघाताच्या रजिस्टरात नोंद नाही. सुपरवायझर म्हणाला, बाई पिऊन आली होती. मला विचारलं, तू काय पाहिलंस? पाळी सुरू होताना मी तिच्याबरोबर चहा प्यालो होतो. ती प्यालेली नव्हती. आणि प्यालेली असती तरी मशीन थांबवायचं काम कुणाचं होतं? हे मला तेव्हा कळत होतं. मी बदलीवर होतो. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

चार महिन्यांनी मी पर्मनंट झालो.

दोस्तहो, यम आला नाही. रथ खाली टेकला नाही. मला कसलीही शिक्षा झाली नाही, उलट पगार वाढला. त्या पगारातून मी पुस्तकं आणली आणि त्या पुस्तकांत युधिष्ठिराचं पाप शोधत बसलो.

बाबासाहेब म्हणतात, धर्मात नीती ही गाडीला जोडलेल्या डब्यासारखी असते, सोयीनं जोडायची, सोयीनं सोडायची. धम्मात तसं नाही. तिथं देव नाही, म्हणून देवाच्या जागी नीतीच आहे. हे पोस्टरवर लिहायला सोपं आहे. अर्थ अवघड आहे. वर वही लिहिणारा कुणी नसेल तर आपणच लिहायची. शिक्षा करणारा कुणी नसेल तर आपणच भरून द्यायचं. २२ प्रतिज्ञा घेतल्या म्हणजे आपण भुयारातून सुटलो असं नाही. मागं घरात कोण झोपलंय ते पाहिलं का, हा प्रश्न राहतोच.

मागच्या महिन्यात मी त्या मावशीच्या वस्तीवर गेलो. आधी नाव विचारलं. तिनं सांगितलं. ते इथं छापत नाही, कारण ते तिचं आहे आणि तिला अजून कामं मिळवायचीत. डाव्या हातानं भाकरी थापत होती. मी चौकशीत काय बोललो ते सांगितलं. ती म्हणाली, "मला ठाऊक हाय. तवा तू पोरगं होतास." मांडव्यानं धर्माला भांडून लहान पोरांच्या पापाला माफी मिळवून दिली होती, चौदा वर्षांपर्यंत. मी बावीस वर्षांचा होतो.

दुसऱ्या दिवशी मी युनियनच्या ऑफिसात बसून त्या रात्री काय पाहिलं ते लिहून दिलं. तारीख, पाळी, मशीनचा नंबर, सगळं. खाली सही केली. माणूस ठेकेदाराचा असला तरी भरपाईची जबाबदारी गिरणीच्या मालकावर येते, हे तिथं कळलं. दावा करायची मुदत टळलीय, उशीर माफ होतो का ते वकील बघतायत. माझी नोकरी राहील का तेही बघू.

आजीला मी सगळं सांगितलं. राखेतली सहा मढी कुणाची तेही सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पाच पोरं व्हती व्हय तिला. नावं न्हाईत लिवली?"

म्हटलं, नाही.

"मग तू लिव."

जय भीम.